मुक्या सुराची जागा

बस सरदवाडी ओलांडत होती, तेव्हा संघर्षच्या डाव्या कानात त्याच्या बापाची पेटी वाजली. उजव्या कानात सगळं रोजचंच होतं. ड्रायव्हरचा हॉर्न, मागच्या बाकावर ओव्हरटाइमवरून चाललेली कुरबुर, सैल झालेल्या काचेचा खडखडाट. डाव्या कानात राजश्रीनं दिलेला इयरफोन होता. राजश्री कंपनीच्या क्वालिटी विभागातली, पुण्याची, शिरूरला खोली घेऊन राहिलेली, आणि गाण्याच्या बाबतीत भलतीच उदार. आपल्या एका कानातलं काढून शेजारच्याच्या हातात द्यायची. "दादा, तुम्ही पेटी वाजवता ना? मग हे ऐका. वीस मिनिटांचं गाणं आहे, मध्येच सोडायचं नाही," असं बजावून तिनं सीडी प्लेअरचं बटण दाबलं होतं. रांजणगावपासून गिटारी आणि ड्रम एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. पहिल्या पाळीचा शिणवटा डोळ्यांवर होता. त्या गदारोळातही त्याला डुलकी लागली असावी. मग एकाएकी सगळं थांबलं. मोकळ्या माळावरून एकटी बाई अनवाणी चालत यावी तशी एक धून आली. हळूहळू चढत गांधारावर टेकली, पुढं मध्यमावर पाऊल टाकायचं तर तिथं पायरीच नाही. नुसती हवा. फस्स. आणि उडी मारून ती थेट पंचमावर. संघर्षनं समोरच्या बाकाची दांडी घट्ट धरली.

"काय झालं?" राजश्रीनं विचारलं.

"काही नाही. गाडी उसळली."

गाडी उसळली नव्हती. राजश्री आपल्याच नादात होती. "हाच तो भाग! यावरून नेटवर नुसती भांडणं चाललीत. या असल्या लांबलचक गाण्यांमधे कायकाय लपवलेलं असतं, दादा. कुणाची तरी जुनी धून, कुणाला तरी केलेला नमस्कार. सांगायचं नाही, ऐकणाऱ्यानं हुडकायचं. या तुकड्याला कुणी आयर्लंडचा म्हणतं, कुणी म्हणतं बल्गेरियातल्या मेंढपाळांचा."

"आणि वाजवणारा काय म्हणतो?"

"तो काहीच बोलत नाही. विचारलं की हसतो म्हणे."

ते हसणं संघर्षला बसमधे बसल्या बसल्या दिसलं. वरचा ओठ डावीकडं जरा उचलला जाणारं, गालात न मावणारं. सीडीचं कव्हर हातात घेऊन त्यानं नाव वाचलं नसतं तरी चाललं असतं. पण वाचलं. गिटार आणि रचना, सत्यजीत. गाण्याचं नाव 'जंक्शन'. आत आभार मानले होते. आईबाबा, स्टुडिओ, कॉफीचं दुकान, आणि शेवटी एका कुत्र्याचेसुद्धा. संघर्षनं दोनदा वाचलं. कुत्र्याच्या नावावर बोट ठेवून जरा वेळ तसाच बसला. मग विचारलं, "एकदोन दिवस ठेवू का ही?" आणि शिरूरच्या स्टँडवर उतरला तेव्हा आपण नेमके कोणत्या गावात उतरतोय, हे त्याला क्षणभर उमगेना.

कारण मनानं तो केव्हाच दौंडला उतरला होता. ब्याण्णवच्या आधीचं दौंड, जिथं दगडी कोळशाचा वास गेला होता पण भिंतींनी तो अजून सोडला नव्हता, जिथं रेल्वे कॉलनीतले लोक घड्याळ न बघता गाड्यांवर वेळ सांगायचे. सत्या, गार्ड बबनरावांचा मुलगा, विटकरी क्वार्टरमधे राहायचा. संघर्ष रुळांच्या पलीकडं, वस्तीत. शाळेच्या एकाच बाकावर बसायचे म्हणून मैत्री. पण ती मुरली गाण्यानं. कोपऱ्यातल्या बंगल्यातला म्हातारा अँग्लो-इंडियन मेल ड्रायव्हर कायमचा ऑस्ट्रेलियाला निघाला, त्यानं सामान विकायला काढलं, आणि सत्या घरच्यांच्या मागं लागून त्याची गिटार आणि खोकंभर कॅसेटी घेऊन आला. बबनराव ड्युटीवर गेले की क्वार्टरचं दार लावून दोघं त्या कॅसेटी ऐकायचे. एकेक गाणं एक बाजू संपेपर्यंत चालायचं. शब्द कळायचे नाहीत. सत्यालाही अर्धेच कळायचे. पण तो कळल्याच्या ऐटीत सांगायचा. "थांब, आता ऐक. हा बाजा वाजतोय ना, हे चर्चचं आहे. दोनतीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा जर्मन पेटीवाल्याचं. यांनी उचलून मधे पेरलंय."

"मग नाव घेत्यात का त्याचं?"

"नाही. नाव घेतलं तर मजा काय? ज्याला कळायचं त्याला कळतं."

"ह्याला आमच्यात चोरी म्हंत्यात."

"ह्याला आमच्यात मुजरा म्हणतात, संघ्या."

"तुमच्यात म्हंजी? तू कवा झाला इंग्रज?"

मग उशा फेकून मारणं. संघर्षला मात्र ते खरंच उमगत नव्हतं. तो ज्या गाण्यात वाढला त्यात नाव हेच गाण्याचं दार होतं; शेवटच्या कडव्यात कवीनं आपलं नाव घातलं की दार ओढून घेतलं. नाव नसलेलं गाणं म्हणजे उघडं घर, कुणीही यावं, काहीही न्यावं. त्याचा बाप ज्ञानदेव लोको शेडमधे खलाशी, म्हणजे इंजिनांच्या कामावरचा मजूर, होता आणि दौंडच्या गायन पार्टीचा म्होरक्या. संध्याकाळी अंगावरचं ग्रीस रॉकेलनं पुसून तो पेटीपुढं बसायचा, आणि वस्तीतली भांडणंसुद्धा तेवढ्यापुरती आवाज खाली करायची. जयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत पार्टीला श्वास घ्यायला फुरसत नसायची. शेवटच्या कडव्यात तो 'सांगे ज्ञानदेव दौंडचा' असं म्हणायचा, आणि लोकांकडं बघून डोळा मिचकावायचा. "दौंडचा म्हनावंच लागतं बाबा," तो म्हणायचा, "न्हाईतर लोक आळंदीचा समजून पाया पडायचे." सत्याला हा किस्सा फार आवडायचा. तो वस्तीत यायला लागला तो त्या पेटीसाठी. संघर्षची आई ताईबाई त्याला चहा द्यायची, तो बशीत ओतून फुर्रकन प्यायचा, आणि ती मोरीपाशी जाऊन हळूच म्हणायची, "पितोय की रं खरंच." तिचा तो आनंद आणि त्या आनंदातली जुनी भीती, दोन्ही संघर्षला तेव्हा कळत होतं आणि कळायला नको वाटत होतं.

आणि पेटीचा एक सूर मुका होता. संघर्ष जन्मायच्या कितीतरी आधी कासुर्डीच्या कार्यक्रमाला जाताना टेम्पो खड्ड्यात आदळला, पेटी मांडीवर घेऊन बसलेला ढोलकीवाला बन्सी पेंगत होता, आणि पेटी रस्त्यावर. उचलून वाजवली तर सगळी ठीक, फक्त मधल्या सप्तकातला मध्यम गेला. पट्टी दाबली की नुसती हवा यायची. पेटी पुण्याला टाकायची तर हंगाम बुडत होता, हंगाम संपला की पावसाळा, पावसाळ्यात पुन्हा कोण जाणार? असं करत वर्षं गेली. पहिल्यापहिल्यांदा ज्ञानदेव तो सूर गळ्यानं भरायचा. पण मागचा कोरस पेटीच्या आधारानं चालणारा, पेटी गप्प झाली की तो पण गप्प व्हायचा, आणि एकट्याचा सूर उघड्यावर पडल्यासारखा वाटायचा. मग त्यानंही सोडून दिलं. गांधारावरून पंचमावर उडी. आसपासच्या गावांतल्या पार्ट्या चेष्टा करायच्या, दौंडची पार्टी गाताना खड्डा चुकवते म्हणून. पण वस्तीतली पोरं त्याच उडीवर मोठी झाली. अंगणात, नळावर, पाळण्यापाशी, सगळे ते गाणं तसंच म्हणायचे, मधे श्वासाएवढी जागा सोडून.

अंधाराच्या वाटंवरी, दिवा ठेवून गेलं कोणी,
पुसा चालणाऱ्या पायांना, सांगंल भीमेचं गं पाणी.

'दिवा' म्हणताना फस्स. संघर्षला ती चूक आहे हे माहीत होतं, आणि माहीत असूनही ते गाणं दुसरं कसं असेल याचा विचार त्यानं कधी केला नव्हता. आपल्या घराला खिडकी का नाही असं घरात जन्मलेलं पोर विचारत नाही, तसं.

सत्यानं ती उडी पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो उठून उभाच राहिला होता. "आबा, पुन्हा." ज्ञानदेवनं पुन्हा वाजवलं. "हे कुणाला सुचणार नाही," सत्या म्हणाला. "आरं पोरा, सुचलंय कुठं? पडलीया पेटी," ज्ञानदेव हसला. पण त्याला ते लागलंही. तो कान लाल करून पट्ट्या पुसत बसला. बाहेरचा माणूस घरी आला की ज्ञानदेव त्या सुराची माफी मागितल्यासारखा असायचा. पाहुण्यांपुढं फाटकी सतरंजी सरकवावी तसा. त्यानंतर दोघा पोरांनी आपलं स्वतःचं लांबलचक गाणं रचायला घेतलं. मालधक्क्याच्या मागच्या पडक्या खोलीत, गिटार आणि पेटी. सत्याची कल्पना अशी की गाणं दौंडसारखं असावं. पुण्याहून मनमाडला निघालेली गाडी दौंडला येते, तिथं इंजिन सुटतं, गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागतं, आणि जी गाडी पुढं जात होती ती उलट्या तोंडानं चालू लागते. नवखा माणूस घाबरतो, आपण परत चाललो की काय! "मधे तसं करू," सत्या म्हणायचा. "सगळं जोरात येईल, थांबेल. इंजिन सुटेल. शांत. फलाटावर फक्त चहावाला आणि आबांची चाल. मग दुसऱ्या टोकानं सुरू."

रेल्वेच्या वार्षिक कार्यक्रमात ते वाजवायचं ठरलं. संघर्षनं आईकडून शर्टाला इस्त्री करवून घेतली होती, पितळी तांब्यात निखारे घालून. पेटी डोक्यावर घेऊन तो हॉलच्या मागच्या दारापाशी आला तेव्हा बबनराव तिथं उभे होते. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे बघ बाळा, साहेबलोक आलेत. पार्टीची पेटी इथं बरी दिसायची नाही. तू समोर बसून ऐक की छान." सत्या त्यांच्या मागं होता, गिटारचा पट्टा गळ्यात. त्यानं संघर्षकडं पाहिलं. मग बापाकडं. मग आत गेला. एवढंच. संघर्ष समोर बसला नाही. बाहेर पाण्याच्या टाकीपाशी पेटीवर हात ठेवून उभा राहिला. गाणं आलं, जोरात आलं, थांबलं. आणि जिथं इंजिन सुटायचं तिथं नुसती शांतता पडली. सत्यानं ती जागा रिकामी सोडली होती की विसरला होता, कोण जाणे. लोकांना वाटलं संपलं, टाळ्या पडल्या. पुढच्या जूनमधे सत्या इंजिनिअरिंगला पुण्याला गेला. नंतर एखादा शब्द नाही.

ते सगळं वर्षानुवर्षं खाली बसलं होतं, टाकीतल्या गाळासारखं. आता एका चिमूटभर सुरानं ढवळून वर आलं. संघर्षनं ती सीडी घरी आणली, कपाटात वर ठेवली, आणि कुणाला काही बोलला नाही. कारखान्यात पंख्यांच्या मोटारी फिरवून बघताना त्याचा कान रोज बिघाड हुडकायचा. आता तोच कान दिवसभर एकच गोष्ट हुडकत बसला. उचललं की जपलं? आभार कुत्र्याचे मानले, म्हणजे उचललंच. पण चोर असता तर खड्डा बुजवला असता. चोरलेल्या गायीचा डाग कोण ठेवतं? आणि ती हवा! ती फस्स तर पेटीची होती, गिटारीला कुठली हवा? ती त्यानं आणून घातली, कष्टानं. पण मग तोंड उघडून सांगायला काय झालं होतं? बल्गेरियाचे मेंढपाळ चालतात, दौंडचा खलाशी चालत नाही? असा तो एकदा इकडं, एकदा तिकडं. रात्रीच्या जेवणाला भाकरीचा तुकडा हातातच राहायचा.

गौतमीनं, त्याच्या बायकोनं, दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी टोकलंच. "त्या सीडीत कोण बसलंय? रोज कपाट उघडून बघता अन् लावता."

"गाणं हाय. दौंडच्या मित्राचं."

"मग लावा की. का सवतीचं हाय?"

"आबांची चाल घेतलीय त्यात."

तिनं कडेच्या खोलीकडं पाहिलं. तिथं ज्ञानदेव पडला होता. रिटायर होऊन वस्तीतून पोराकडं शिरूरला आलेला, ताईबाई गेल्यापासून फार न बोलणारा. आता जयंतीला ट्रॅक्टरवर भिंतीएवढे स्पीकर लागायचे. पार्टीला बोलावणं येऊन जमाना झाला होता. पेटी कॉटखाली होती. मधे एकदा गौतमी झाडताना म्हणाली, आबा, दुरुस्त करून आणू का? तर म्हणाला होता, कुनासाठी? संघर्षला भीती होती ती त्या माणसाची. बापाला ऐकवलं आणि त्याला वाटलं की आपलं शेवटचं उरलेलंही नेलं, तर? आणि ऐकवलंच नाही, आणि तो असाच एक दिवस गेला, तर? सत्याचं काय ते नंतर. पण हे ऐकवायचं की नाही, हे त्यालाच ठरवायचं होतं, आणि त्याच्या अंगात ते ठरवायचं बळ नव्हतं.

"माझ्या बापाची असती चाल," गौतमी कणीक मळता मळता म्हणाली, "तर मी त्याला ऐकवली असती. रागावला तर रागावला. रागावलेला तरी बघितला असता."

रविवारी सकाळी संघर्षनं टीव्हीखालच्या प्लेअरमधे सीडी घातली. ज्ञानदेवला खुर्चीत बसवलं. हातात चहा दिला. गाणं सुरू झालं तसा म्हातारा दचकला. "हे काय? शंटिंग चाललंय का?" जरा वेळानं, "ह्या ढोलकीवाल्याला कुनी ताल शिकवला न्हाई व्हय? कधी सात मारतोय, कधी पाच." मग बोट खुर्चीच्या हातावर आपोआप सात मोजू लागलं, आणि तो पुटपुटला, "न्हाई न्हाई. बरुबर हाय त्याचं. कडू हाय बेनं." संघर्ष भिंतीला टेकून उभा होता. गौतमी दारात, हातात लाटणं. गाणं चढत चढत गेलं, आणि थांबलं. इंजिन सुटलं. मग ती एकटी बाई चालत आली. गांधार. फस्स. पंचम.

ज्ञानदेवनं कप खाली ठेवला. डोकं एका अंगाला कलतं केलं. धून दुसऱ्यांदा आली, पुन्हा त्याच जागी हवा. म्हाताऱ्याच्या कपाळावर आठी पडली.

"पेटी बिघडलीया त्याची," तो म्हणाला. "मध्यम मेलाय. सांग त्याला. एवढं भारी सामान, आन् सूर दुरुस्त करत न्हाई म्हंजी काय?"

संघर्ष भिंतीपासून पुढं आला. "आबा," त्यानं कसंबसं म्हटलं, "ही तुमची चाल हाय. हे सत्यानं केलंय. बबनराव गार्डाच्या सत्यानं."

ज्ञानदेव टीव्हीच्या काळ्या काचेकडं बघत राहिला. धून गेली होती. दुसऱ्या टोकाला इंजिन लागून गाणं पुन्हा धावायला लागलं होतं. तेवढ्या वेळात संघर्षनं बापाचे सगळे संभाव्य चेहरे पाहून घेतले. रागाचा, हरल्याचा, रुसल्याचा. त्यातला एकही आला नाही.

"माझी कुठली?" ज्ञानदेव म्हणाला. "म्हाळसा आत्याची ती."

म्हाळसा आत्या म्हणजे ज्ञानदेवची आत्या. संघर्षला ती अंधुक आठवत होती. उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडणारी, कमरेत वाकलेली म्हातारी. तिला कधी गाताना त्यानं ऐकलं नव्हतं.

"मुरळी केली होती तिला," ज्ञानदेव सांगू लागला, कुणा तिऱ्हाइताची हकिगत सांगावी तसा शांत. "न्हानपनीच खंडोबाला सोडली. जागरनात ही चाल म्हनायची. डोंगराच्या वाटंवरी, दिवटी ठेवून गेलं कोणी. अंगावर काटा यायचा. पुढं आपल्या लोकांनी धम्म घेतला. घरातलं देव पाटीत घालून माझ्या बापानं भीमेत सोडलं. बरं झालं, आत्या सुटली त्यातनं. घरी आली. पर गायची बंद झाली ती झालीच. देव नदीत सोडता येत्यात रं. चाल कुठं सोडनार? मी घेतली. दिवटीचा दिवा केला, आन् बाबासायबांच्या पायाशी नेऊन ठेवली. आत्याला म्हनलं, शेवटाला तुझं नाव घालतो. तर म्हनली, नगं. मुरळीचं नाव नगं त्यात. म्हनून माझं घातलं."

गौतमी दाराला टेकून खाली बसली होती. गाणं केव्हा संपलं कुणाला कळलं नाही.

"फोन हाय का त्याचा?" ज्ञानदेवनं विचारलं. "लाव."

"आबा, बारा-तेरा वर्षं झाली. काय बोलनार?"

"तू नको बोलू. मी बोलतो."

कव्हरवर कार्यक्रमांसाठी नंबर छापलेला होता. संघर्षनं मोबाइल लावला. घंटी वाजत असताना त्याला पाण्याची टाकी दिसली, तिच्यावरून ओघळणारं शेवाळ, आणि पेटीच्या लाकडाचा गार स्पर्श बोटांना झाला. तिकडून "हॅलो" आलं. आवाज जाड झाला होता, पण 'लो' तसाच खाली सोडलेला. संघर्षनं फोन बापाच्या हातात दिला. ज्ञानदेवनं तो तोंडापुढं आडवा धरला आणि ट्रंककॉलवर बोलावं तसा ओरडला.

"हॅलो! पोरा, ज्ञानदेव बोलतोय. दौंडचा! ऐकलं तुझं. चांगलं हाय. लांब हाय जरा. पर तुझ्या पेटीचा मध्यम गेलाय बघ. नीट ऐक, मी सांगतो."

आणि तो गायला. आवाज कापत होता, दात नसल्यानं शब्दांतून वारा जात होता. पण गांधारावरून तो मध्यमावर आला आणि तिथं थांबला. सूर लागला. संघर्षनं तो जन्मात पहिल्यांदा ऐकला. एवढासा सूर, पण त्यानं सगळी चालच निराळी झाली. उडीतली ती हुरहूर गेली, आणि तिच्या जागी एक साधी, समजूतदार चाल आली. कुणी घाईत नाही, कुणाला काही चुकवायचं नाही. कोण जाणे, आत्या अशीच चालत असेल. संघर्षनं ओठांतल्या ओठांत बापाबरोबर म्हणून पाहिलं. त्याचा गळा त्या जागी आपोआप मिटला. पुन्हा पाहिलं. पुन्हा मिटला. त्याला तो सूर परका होता. ज्याला चूक म्हणून सगळे हसले ते त्याचं होतं.

"कळलं का?" ज्ञानदेव फोनवर ओरडला. "आन् शेवटाला नाव न्हाई तुझ्या गान्यात. असं उघडं सोडू ने. म्हाळसाचं घाल. व्हय, म्हाळसा. माझं ऱ्हाऊ दे." मग तो ऐकू लागला, भुवया वर गेल्या. फोनवर तळहात ठेवून संघर्षकडं वळला. "हसतंय का रडतंय, काय कळंना मला. तू बोल त्याच्याशी."

संघर्ष फोन घेऊन ओट्यावर आला. समोर कुणाच्या तरी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या.

"संघ्या?"

"हं."

"त्या दिवशी मी..."

"ऱ्हाऊ दे."

तिकडं नाक ओढल्याचा आवाज झाला. "खड्डा मुद्दाम ठेवलाय रे. स्टुडिओत सगळे माझ्यावर चिडले होते, सूर भर म्हणून. मी नाही भरू दिला. ती हवा तर भाड्याची जुनी पेटी आणून, तिचा सूर काढून, मीच भाता मारून घातली. कुणाला सांगितलं नाही. वाटलं, सांगून काय होणार? ज्याला कळायचं त्याला कळेल. तुला कळलं ना?"

"कळलं."

"आबांना सांगशील? ती चूक नाही म्हणावं. मला ती तशीच पाहिजे होती."

संघर्षनं मागं वळून पाहिलं. दारातून खोली दिसत होती. ज्ञानदेवनं गौतमीकडून कॉटखालची पेटी काढून घेतली होती. ती मांडीपुढं ओढून, भाता मारून, मुकी पट्टी दाबत तो तिच्यातून येणाऱ्या हवेवर स्वतःचा मध्यम ठेवून बघत होता. एवढ्या मोठ्या, विजेवर चालणाऱ्या वाद्यांच्या पोराला आपण काहीतरी शिकवलं, या समाधानानं त्याचा चेहरा उजळला होता. ताईबाई गेल्यापासून तो असा कुणी पाहिला नव्हता.

"सांगतो," संघर्ष म्हणाला.

आत आला तेव्हा ज्ञानदेवनं मान वर न करताच विचारलं, "काय म्हनतंय पोरगं?"

संघर्ष त्याच्याशेजारी खाली बसला. एक हात पेटीवर ठेवला.

"सूर भरतो म्हणाला, आबा."